कोहळ्याची दाढी

मी आयुष्यात पहिली दाढी केली ती एका कोहळ्याची. हे सांगितलं की समोरचा माणूस आधी माझ्या तोंडाकडे बघतो आणि मग हातांकडे. माझं माहेर मिरजेचं. तिथे भोपळ्यांचे तंबोरे होतात, त्यामुळे एका फळाचं भलतंच काहीतरी झालेलं बघायची मला लहानपणापासून सवय. पण कोहळ्याला साबण फासून त्याच्यावर वस्तरा चालवायची पाळी तुझ्यावर येणार आहे, असं लग्नाच्या वेळी कुणी सांगितलं असतं तर मी तिथेच हसत सुटले असते.

वस्तरा माझ्या सासऱ्यांचा. त्यांना मी मामा म्हणत असे आणि सासूबाईंना आत्ती. आमचं गाव कृष्णेकाठचं, सातारा आणि सांगली जिल्ह्यांच्या शिवेवर. कचेरीची कामं साताऱ्यात आणि बाजार सांगलीत. मामा फौजेतून हवालदार होऊन आलेले आणि वस्तीतल्या विहाराला लागून आमचं घर. माझे मालकही फौजेत, वर्षातून एकदा रजेवर येणारे. घरात आम्ही तिघंच. मी गावातली बालवाडी चालवायचे.

रोज सकाळी मामा अंगणातल्या लिंबाच्या खिळ्याला आरसा टांगायचे. खिडकीच्या गजाला चामड्याचा पट्टा अडकवलेला असे, त्याच्यावर वस्तरा परजायचे. तो चप चप आवाज आला की आत्ती चुलीवर चहाचं आधण ठेवत. वस्तऱ्याची मूठ हस्तिदंती रंगाची, वापरून पिवळी पडलेली. दाढी झाली की तुरटी फिरवून मामा गालावरून उलटा हात फिरवत आणि मगच कुणाशी बोलत. त्याआधी त्यांच्याशी बोलायला जायचं नाही हे मला आत्तींनी पहिल्याच आठवड्यात सांगून ठेवलं होतं. आमच्या भागात पुरुष दाढी वाढवतो तो एक तर सुतकात, नाही तर नवसात. बौद्ध झाल्यावर नवस सुटले, उरलं फक्त सुतक. त्यामुळे खुंट वाढलेला माणूस दिसला की मामा विचारायचे, "कोन गेलं रं?"

वस्तरा कशासाठी, सलूनमध्ये का जात नाहीत, हे मी एकदा आत्तींना विचारलं होतं. तांदूळ निवडता निवडता त्यांनी सांगितलं. मामा भरती होऊन पहिल्यांदा रजेवर आले, ते अंगावर वर्दी घालूनच. तेव्हा आपली माणसं अजून बौद्ध व्हायची होती. चावडीपुढच्या चिंचेखाली न्हाव्याची बैठक असे. मामा सरळ जाऊन बारदानावर बसले. वस्तऱ्या-कातरीची धोकटी ज्याच्या हातात होती तो मामांच्याच वयाचा पोरगा, बापाकडून नुकतंच काम हातात आलेला. त्यानं मामांकडे बघितलं, पारावर बसलेल्या माणसांकडे बघितलं, धोकटी गुंडाळली आणि एक अक्षर न बोलता निघून गेला.

"शिवी दिली असती तर ह्यांनी बी दिली असती," आत्ती म्हणाल्या. "त्यो नुसता उठून गेला. हे रिकाम्या बारदानावर बसून ऱ्हायले. पुन्ना त्येच्या म्होरं बसले न्हाईत."

पुढे गाव बदललं. एसटी फाट्यावर त्याच न्हाव्याच्या पोरानं आरसे लावून सलून टाकलं. आमच्या वस्तीतली पोरं त्याच खुर्चीत बसून, रेडिओवरची गाणी ऐकत, हिरोसारखा कट मारून यायची. त्यांना त्यात काही वाटत नसे आणि वाटू नयेच. मामा त्यांना कधी काही बोलले नाहीत. फक्त स्वतः गेले नाहीत.

त्या वर्षी दिवाळी झाली आणि मामांना लकवा मारला. उजवा हात लुळा, उजवा पाय ओढत चालणारा, तोंडाची उजवी बाजू खाली ओघळलेली. आम्ही त्यांना मिरजेच्या दवाखान्यात ठेवलं. माझा भाऊ रेल्वेत, त्याच्या घरून डबा यायचा. दवाखान्यातून सुटलो तेव्हा मामा काठीवर चालू लागले होते, बोलणं जड पण स्वच्छ होतं. डॉक्टर म्हणाले, नशीबवान आहात. मामांनी डाव्या हातानं गाल चाचपला.

वाढलेली दाढी हेच त्यांचं खरं दुखणं झालं. डाव्या हातानं वस्तरा धरायचा प्रयत्न केला, तो कानाच्या पाळीवर गेला. आत्तींच्या डोळ्यांत मोतीबिंदू. शेजारच्या पोरानं दुकानातला रेझर आणला, पण मामांचे केस म्हणजे तारेचा काथ्या. रेझर अडकून ओढायला लागला तसे मामा म्हणाले, "मेंढरावानी भादराय मिरजंहून आणलंय व्हय मला?" आणि पोराला घालवून दिलं. सलूनवाला पोरगा स्वतः सामान घेऊन घरी आला. चांगला पोरगा तो, पायातल्या चपला बाहेर काढून आत आला. मामांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. तो थोडा वेळ थांबला, चहा प्याला आणि गेला.

मग मामांनी दाराबाहेर जाणंच सोडलं. कुणी आलं की टॉवेल तोंडाला गुंडाळायचे. आत्ती मला माजघरात ओढून म्हणाल्या, "ह्ये सोताचंच सुतक पाळाय लागल्यात गं." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

मला एकच गोष्ट दिसत होती, चौदा एप्रिल. जयंतीच्या सकाळी विहारापुढे निळा झेंडा मामाच चढवत. फौजेतून आल्यापासून एकही वर्ष चुकलं नव्हतं. कोट, पदकं आणि गुळगुळीत दाढी. मंडळाची पोरं विचारायला आली तेव्हा मामा टॉवेलातून म्हणाले, "दाढी वाडवून झेंड्याम्होरं हुबा ऱ्हाऊ व्हय मी? दुसरा बगा." झेंड्याची दोरी ओढायला डावा हात पुरला असता. अडलं होतं ते दाढीवर, आणि दाढी अडली होती चिंचेखालच्या त्या दिवसावर. मला रागही आला आणि त्यांची माया पण आली. त्यांनी नेसत्या कपड्यानिशी आपल्या पायावर उभं केलेलं घर हे, आणि त्यातच ते लपून बसले होते.

तेव्हा ठरवलं, मीच शिकायचं.

शिकवणार कोण? फाट्यावरचा पोरगा आता खरा वस्तरा वापरत नव्हता. रक्तातून पसरणाऱ्या नव्या रोगाच्या भीतीनं सगळे सलूनवाले अर्धं ब्लेड बसवायच्या वस्तऱ्याकडे वळले होते. जुन्या पात्याचा हात गावात एकाच माणसाला होता. त्यांना गाव अण्णा म्हणायचं. चिंचेखालून उठून गेलेले ते हेच. त्यांची नात माझ्या बालवाडीत होती, तेवढ्या ओळखीवर मी गेले. आत्तींना सांगितलं, बालवाडीत पोरांची नावं घालायला चाललेय.

अण्णा ओट्यावर बसले होते. मी वस्तरा दाखवला आणि कुणाची दाढी करायची आहे ते सांगितलं. त्यांनी वस्तरा उघडून उन्हात धरला, पात्यावर अंगठा आडवा फिरवला. मग म्हणाले, "त्येला सांगू नगंस कुनी शिकिवलं त्ये." आणि मला मागच्या दारी घेऊन गेले. पुढचं दार त्यांनी लावून घेतलं. ते दार लावलेलं मला दिसलं आणि डाचलंही. पण अडला हरी, म्हणून मी तशीच मागून आत गेले.

पहिले काही दिवस नुसतं परजणं. पट्ट्यावर पातं कसं लोळवायचं, परतताना धारेवरून नाही तर पाठीवरून कसं उलटायचं. माझ्या हातून पट्ट्याला चरे गेले. अण्णांची बायको चुलीपुढून म्हणाली, "पट्टा हाय त्यो, कांदा न्हवं." मग धरणं. तीन बोटं पात्याच्या दांड्यावर, करंगळी मागच्या शेपटीवर, अंगठा खालून. मूठ आवळायची नाही. माझी मूठ आवळली जायचीच, कारण मी आजवर धारेचं जे जे धरलं होतं ते दणका द्यायला धरलं होतं, खुरपं नाही तर विळी.

"आता आमाला कोहळं आणून दे," अण्णा एक दिवस म्हणाले. "शहरातली पोरं फुग्यावर शिकत्यात. फुगा फुटला की भ्या बसतं हाताला. कोहळं चांगलं. त्येच्या अंगावर पांढरा भुरा असतोय. भुरा निगाला पायजे आन सालीला वरखडा न्हाई पडला पायजे."

कोहळे आमच्याकडे होते. गोठ्याच्या पत्र्यावर वेल चढवलेला, सांडग्यांसाठी उन्हाळ्यापर्यंत ठेवलेले. एक उचलून नेला. अण्णांनी त्याच्यावर ब्रशनं फेस केला, माझ्या मागे उभे राहिले आणि तीन हात दाखवले. सुलटा हात, म्हणजे केस जिकडे वळलेत तिकडे वरून खाली. पालथा हात, म्हणजे मनगट उलटं करून आपल्यापासून लांब. आणि उलटा हात, खालून वर, केसांच्या विरोधात. हा शेवटी. डावा हात मोकळा सोडायचा नाही, त्यानं कातडी ताणून धरायची. कोहळ्याची साल काय ताणणार, पण सवय लागावी म्हणून मी तिच्यावर बोटं दाबून बसायचे. पातं जवळजवळ निजवायचं, जरासाच उतार ठेवायचा. छोटे छोटे हात मारायचे. आणि ऐकायचं.

"खर्रखर्र आवाज आला म्हंजे काम चाललंय. आवाज बंद झाला की थांब. तितं काय न्हाई ऱ्हायलं," अण्णा म्हणायचे.

फेस पात्यावर साठला की तो आपल्या डाव्या मनगटावर पुसायचा आणि पुढे जायचं, असंही त्यांनी दाखवलं. मी तेही शिकले. त्यात काही विशेष आहे हे मला तेव्हा कळलं नाही.

पहिल्या कोहळ्यावर मी इतके वरखडे काढले की तो दिवसभर पाणी सोडत होता. दुसऱ्यावर कमी. मग एक दिवस सरळ हिरवी रेघ उमटली, वरपासून देठापर्यंत, भुरा तेवढा गेलेला आणि साल जशीच्या तशी. मला इतका आनंद झाला की मी कोहळ्याला थोपटलं.

घोळ झाला तो घरी. सराव करायला म्हणून मी दुपारी गोठ्यात कोहळा घेऊन बसले होते. हातात उघडा वस्तरा, कोहळ्याला फेस. आत्ती वैरण टाकायला आल्या आणि दारातच थबकल्या. बाईमाणसानं अख्ख्या कोहळ्याला पातं लावायचं नाही, ही आमच्या भागातली जुनी रीत. पहिला घाव गड्यानं घालायचा, मग बाईनं फोडी करायच्या. कोहळा म्हणजे थोरला लेक, असं म्हणतात. बौद्ध झाल्यावर मामांनी घरातून असल्या सगळ्या रीती काढून टाकल्या होत्या. दारावर कोहळा टांगायचा नाही, नजर उतरवायची नाही. आत्ती त्यांना हो म्हणायच्या. पण माझे मालक सरहद्दीवर असताना आत्ती आतून काय काय पाळत होत्या ते त्यांनाच ठाऊक.

"अगं, काय करतीस ह्ये? तुजा नवरा तिकडं हाय," त्या पांढऱ्याफटक पडून म्हणाल्या.

"चिरत न्हाई आत्ती, दाढी करतीया."

त्या वैरणीच्या पेंढीवर बसल्या. मग मी सगळं सांगितलं, अण्णांसकट. त्यांनी ऐकून घेतलं. कोहळा हातात घेऊन सालीवरून बोट फिरवलं, कारण नीट दिसत नव्हतं तरी बोटांना कळत होतं. "वरखडा न्हाई," त्या म्हणाल्या. थोड्या वेळानं म्हणाल्या, "भुरा काढला म्हंजे घाव न्हवं. चालतंय." आणि जाताना, "अण्णाचं मातूर ह्यांच्या कानावर जाऊ देऊ नगंस."

कोहळे संपत आले तेव्हा अण्णा म्हणाले, "आता माणूस पायजे. कोहळं हलत न्हाई, गिळत न्हाई. हात बसतोय माणसावरच."

"कुठला माणूस?" मी विचारलं. खरं तर समोरच बसला होता. अण्णांच्या गालावर पांढरे खुंट होते. त्यांचा पोरगा आठवड्यानं कधीतरी करायचा. मी त्यांच्या गालाकडे बघितलं. मग त्यांनीच लावून घेतलेल्या पुढच्या दाराकडे बघितलं.

"बग एकांदा," ते म्हणाले आणि उठून म्हशीला पाणी पाजायला गेले.

मला हे लागलं. विद्या द्यायची, पण मागच्या दारानं. वस्तरा माझ्या हातात द्यायचा, पण मान नाही. घरी जाताना मी मनातल्या मनात त्यांना इतकं बोलले की बालवाडीतली पोरं वाटेत भेटली ती बिचकली. तरी दुसऱ्या दिवशी परत गेले. धार लावायचं राहिलं होतं. निसण्याच्या दगडावर पातं फिरवता फिरवता अण्णा मान वर न करता म्हणाले, "त्या दिशी पारावर माजा बाप बसला हुता." एवढंच.

पुढे माणूस मिळायची वाट न बघता मी मामांपुढे गेले. एप्रिल लागला होता. सकाळी गरम पाणी, ब्रश, तुरटी सगळं मांडलं, पट्ट्यावर वस्तरा परजला. चप चप आवाज कित्येक महिन्यांनी घरात झाला. मामा आतून काठी टेकत बाहेर आले.

"मामा, बसा. मी करती."

सुनेनं सासऱ्यासमोर डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही, इतकं सरळ समोर उभं राहून बोलायचं नाही, हे आमच्या घरातही होतं. मामा माझ्याकडे बघत राहिले. मग खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "पदर कमरंला खोच. फेसात पडंल." मी पदर खोचला. त्या घरात माझं डोकं उघडं पडलं ते त्या दिवशी पहिल्यांदा, आणि कुणाचं काही बिघडलं नाही.

डावा गाल धड होता, तिथून सुरुवात केली. कानापाशी कातडी ताणली, सुलटा हात घेतला. खर्रखर्र. हात शिकल्यासारखा चालला. गाल निघाला, मग डावा जबडा. आत्ती उंबऱ्यात बसून नुसता आवाज ऐकत होत्या. डावा अर्धा चेहरा झाला आणि खाली तो जुना मामांचा गाल दिसला. मला हसू आवरेना.

"कुनी शिकिवलं?" मामांनी विचारलं.

"भावानं. मिरजंच्या."

"फेस मनगटावर पुसाय बी त्यानंच शिकिवलं?"

मी हाताकडे बघितलं. डाव्या मनगटावर फेसाच्या ओळी, एकीखाली एक. शिपाई स्वतःची दाढी करतो तेव्हा पातं वाटीत बुडवतो. मामांनी जन्मभर तेच केलं होतं आणि मी ते रोज बघत आले होते. तरी हात शिकवणाऱ्याचाच उचलला.

"ल्हान हुतो तवा लांब हुबा ऱ्हाऊन बगायचो चिंचंखाली," मामा म्हणाले. "जवळ जायचं न्हवतं. त्यो असाच पुसायचा. त्येचा बाप बी." त्यांनी डाव्या हातानं गळ्याभोवतीचा टॉवेल ओढून काढला. "बास."

"अर्धी ऱ्हायलीया, मामा."

"ऱ्हाऊ दे."

आणि राहिली. जयंती तोंडावर आलेली आणि माझे सासरे अर्धी दाढी घेऊन बसलेले. आत्ती भाकरी वाढताना तोंड फिरवून हसायच्या आणि मग रडायच्या. अख्ख्या दाढीपेक्षा अर्धी वाईट. अख्ख्या दाढीचा माणूस सुतकात तरी दिसतो, अर्ध्या दाढीचा कुठेच बसत नाही. विहाराला निळीचा रंग लागत होता, पताका दोऱ्यात ओवल्या जात होत्या, पोरं कर्णा झाडावर बांधून बघत होती. मामा टॉवेल गुंडाळून ते सगळं खिडकीतून बघायचे.

माझा संयम सुटला तो एका दुपारी. मी ताट ठेवलं आणि सासऱ्यांपुढे कधी बोलले नव्हते तशी बोलले. "मामा, त्यो मानूस चूकच हुता. पर वस्तरा तुमचा हाय, हात माजा हाय, शिकाय मी सोताच्या पायानं गेली. त्येच्यापायी तुमी झेंडा सोडताय. त्यो खुशाल फाट्यावर च्या पितोय आन तुमी घरात कोंडून बसलाय. ह्यात शिक्षा कुनाला हाय?"

मामांनी ताट पुढे ओढलं. जेवले. ताटात हात धुतला. मी ताट उचलायला वाकले तेव्हा म्हणाले, "गळ्याखाली उजव्या अंगाला भोवरा हाय मला. केस गोल फिरल्यात. फौजंत असताना बी म्या तितंच कापून घ्यायचो. तुला न्हाई यायचं त्ये."

"मग?"

ते खिडकीबाहेर बघत राहिले. "जयंतीच्या सकाळी आण त्येला. दावू दे तुला. पर हात त्यानं लावायचा न्हाई."

मी तशीच अण्णांकडे गेले. पुढच्या दारानं गेले आणि ओट्यावर उभं राहून, गल्लीला ऐकू जाईल एवढ्यानं सांगितलं. अण्णांनी विचारलं, "वस्तीत?"

"वस्तीत. अंगणात."

ते पायाकडे बघत बसले. त्यांची बायको आतून म्हणाली, "जावा की. पोरीनं कोहळी सोलून सोलून हात बसवलाय." आणि तिनं त्यांचं धुतलेलं धोतर दोरीवरून काढून ओट्यावर ठेवलं.

जयंतीच्या सकाळी कर्णा सुरू झाला. वस्तीतली बायामाणसं पांढरं नेसून विहाराकडे निघाली होती. मामांची खुर्ची अंगणात लिंबाखाली होती. कोट घडी घालून ओट्यावर ठेवलेला. अण्णा भर रस्त्यानं आले, धोतर नेसून, हातात काही न घेता. वस्तीतली माणसं थांबून बघायला लागली. म्हाताऱ्यांना सगळं ठाऊक होतं. पोरांना काहीच ठाऊक नव्हतं, ती नुसती म्हातारे का थांबले म्हणून थांबली.

मामा आणि अण्णा एकमेकांपुढे आले. दोघांचे केस पांढरे.

"हात लावायचा न्हाई तुजा," मामा म्हणाले.

"न्हाई लावत, हवालदार."

मी पदर खोचला आणि फेस केला. सगळी दाढी पहिल्यापासून केली. उजवा गाल सैल होता, तो डाव्या हातानं वर ओढून ताणला, पातं आणखी निजवलं. अण्णा माझ्या खांद्यामागे उभे होते, हात पाठीशी बांधून. गळ्याखाली आले आणि भोवरा दिसला. केस पाण्यासारखे गोल फिरलेले. सुलटं कुठलं आणि उलटं कुठलं कळेना. माझा हात थांबला.

अण्णा समोर आले. त्यांनी स्वतःची मान वर केली आणि स्वतःच्या गळ्यावर बोटानं दाखवलं. "मदनं काढायचं न्हाई. कडंकडंनं ये. हितं पालथा हात. मग हितनं खाली. आता ऱ्हाइलं त्ये मदलं, तितं उलटा. हलक्यानं. गिळू नगं, हवालदार."

मामांनी आवंढा थांबवला. मी कडेकडेनं आले. खर्र. खर्र. मग आवाज बंद झाला आणि मी थांबले. एक थेंब रक्त नव्हतं. तुरटी फिरवली. मामांनी डाव्या हाताचा उलटा पंजा गालावरून फिरवला, गळ्यावरून फिरवला, भोवऱ्यावर थांबवला. आत्ती उंबऱ्यातून म्हणाल्या, "झालं का गं?" आणि मामाच म्हणाले, "झालं." मला रडू आलं ते मी फेसाच्या हातानंच पुसलं.

मामा काठी टेकून उठले. आत्तींनी कोट त्यांच्या अंगावर चढवला, लुळा हात हळूच बाहीत घातला. विहारापुढून मंडळाचा पोरगा ओरडून सांगत होता, की सगळी थांबली आहेत. खुर्ची रिकामी झाली होती. मामा तिच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले. निघाले नाहीत. ते अण्णांकडे बघत होते.

अण्णांनी एकदा वस्तीकडे बघितलं, रस्त्यावर उभ्या माणसांकडे बघितलं. मला वाटलं, आताही हा माणूस निघून जाईल, उभाच आहे, जायला काय. मग ते खुर्चीत बसले. माझ्या खांद्यावरचा ओला टॉवेल त्यांनी स्वतःच घेतला आणि स्वतःच्या गळ्याभोवती खोचला.

"हात बसाय मानूस पायजे म्हनलो हुतो न्हवं," ते मला म्हणाले आणि सगळ्यांदेखत मान वर केली.

मी मामांकडे बघितलं. विहारापुढे निळ्या झेंड्याची दोरी वाट बघत लोंबत होती, पोरगा पुन्हा हाक मारत होता.

"सावकाश कर, पोरी," मामा म्हणाले. "झेंडा थांबंल."

मी वस्तरा चुलीवरच्या उकळत्या पाण्यात बुडवून काढला, पट्ट्यावर परजला आणि ब्रश फेसात बुडवला.